सिकलसेल : अक्षर दुरुस्त होईल तेव्हा होईल, गोळी आज मिळाली पाहिजे

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत एका देशी जनुकोपचाराची घोषणा झाली. त्याचे नाव 'बिरसा १०१'. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तो वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) 'आयजीआयबी' या जनुकशास्त्र संस्थेने विकसित केला आहे. पुढील काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर करण्याचा करारही झाला. बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने हे नाव देण्यात आले. ज्या आदिवासी समाजांत हा आजार सर्वाधिक आढळतो, त्यांच्याशी नाते सांगणारे नाव म्हणून ते योग्यच आहे.

बातमी अभिमानाची आहे, पण ती वाचून गडचिरोली, गोंदिया किंवा नंदुरबारमधील एखाद्या आईने 'माझ्या लेकराला हे कधी मिळणार?' असे विचारले, तर आज प्रामाणिक उत्तर 'लगेच नाही' हेच आहे. रुग्णांपर्यंत येण्याआधी अशा उपचाराला चाचण्यांचे अनेक टप्पे पार करावे लागतात. मग तोपर्यंत काय? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे, फक्त ते बातमीत येत नाही. ते समजून घ्यायचे तर शाळेत घाईघाईने पाठ करून विसरलेल्या दोन गोष्टी पुन्हा पाहाव्या लागतील : न्यूक्लिइक आम्ले आणि प्रथिने. सिकलसेलइतके त्यांचे नाते स्वच्छ दाखवणारा दुसरा आजार क्वचितच सापडेल.

मजकूर आणि त्यातून घडणारी वस्तू

शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्न पचवणारी विकरे, स्नायूंतील आकुंचन पावणारे धागे, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन ही सगळी प्रथिनेच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे, पण ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत त्यावर माळेची घडी ठरते, आणि घडीवर तिचे काम ठरते.

हा क्रम लिहून ठेवलेला असतो डीएनएमध्ये. डीएनए आणि आरएनए ही दोन न्यूक्लिइक आम्ले. डीएनएची लिपी चार अक्षरांची : ए, टी, जी आणि सी. माणसाच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत अशी तीनशे कोटींहून अधिक अक्षरे असतात. त्यातील जो तुकडा एखाद्या प्रथिनाची कृती सांगतो, त्याला आपण ढोबळमानाने जनुक म्हणतो. प्रथिनांची कृती सांगणारी अशी सुमारे २० हजार जनुके आपल्याकडे आहेत.

मूळ दस्तऐवज कपाटातच राहतो आणि कामापुरती नक्कल बाहेर जाते, तसे इथे होते. पेशीच्या केंद्रकात जनुकाची नक्कल निघते, ती म्हणजे संदेशवाहक आरएनए. ही नक्कल रायबोझोम नावाच्या यंत्रणेत जाते. तिथे तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचले जातात आणि प्रत्येक शब्दासाठी ठरलेले अमिनो आम्ल माळेत ओवले जाते. चार अक्षरांतून तीन अक्षरी शब्द ६४ होतात. त्यातील ६१ शब्द अमिनो आम्लांचे, तर तीन शब्द पूर्णविरामाचे. हा शब्दकोश उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराणा, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल मिळाले.

यातून रोजच्या जीवनातील एक गोष्टही स्पष्ट होते. आपण डाळ, अंडी, दूध यांतून खातो ती प्रथिने जशीच्या तशी शरीराला चिकटत नाहीत. पचनात त्यांचे मणी सुटे होतात आणि पेशी आपल्या डीएनएतील मजकुराप्रमाणे नव्या माळा ओवते. त्यामुळे मजकूरच चुकीचा असेल, तर कितीही चांगल्या आहाराने ती चूक सुधारत नाही. आहाराने तब्येत सांभाळता येते, पण सिकलसेल बरा होत नाही.

जीएजीचे जीटीजी झाले

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात : १४१ मण्यांच्या दोन अल्फा आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा. बीटा माळेची कृती ११ व्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. तिच्यातील सहाव्या मण्याचा शब्द आहे 'जीएजी', म्हणजे ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये या शब्दातील मधल्या 'ए'च्या जागी 'टी' आलेला असतो. 'जीटीजी' हा शब्द व्हॅलीन या दुसऱ्याच अमिनो आम्लाचा आहे. बाकी १४५ मणी तसेच्या तसे.

एका मण्याने एवढे काय बिघडते? ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलीन तेलकट स्वभावाचे, पाण्याला टाळणारे. हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देते तेव्हा त्याचा आकार थोडा बदलतो. त्या वेळी एका रेणूवरचे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील खाचेत जाऊन बसते. असे रेणूमागून रेणू जोडले जाऊन पेशीत लांब, ताठ दोर तयार होतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्यांचे दोर झाले की मऊ, गोल पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते.

अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात. पाणी कमी पिणे, थंडी, ताप, अतिश्रम यांनी कळा उठतात. वारंवारच्या अडथळ्यांनी प्लीहा निकामी होते आणि लहान मुले साध्या जंतुसंसर्गाने दगावू शकतात. काहींना कोवळ्या वयात पक्षाघात होतो.

चूक डीएनएत असली, तरी वेदना प्रथिनाच्या वागण्यातून येते. उपचाराचा सगळा विचार या एका वाक्यावर उभा आहे. कारण अक्षर बदलता आले नाही, तरी प्रथिनाला वाकडे वागण्यापासून बऱ्याच अंशी रोखता येते.

रेणूचा आजार

विळ्याच्या आकाराच्या या पेशींची नोंद शिकागोतील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केली. त्यानंतर जवळजवळ चार दशके कारण अज्ञात राहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले आणि सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटले. १९५६-५७ मध्ये केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी फरक नेमका एका अमिनो आम्लाचा आहे हे सिद्ध केले. जनुकातील बदल प्रथिनातील एका मण्यापर्यंत पोचवून दाखवणारा तो पहिला पुरावा होता.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात विदर्भाचे पूर्वेकडील जिल्हे, मेळघाट, नंदुरबार आणि सातपुड्याचा पट्टा या भागांत त्याचे प्रमाण मोठे आहे. देशातील आदिवासी गटांत वाहकांचे प्रमाण एक टक्क्यापासून ३५-४० टक्क्यांपर्यंत आढळते. मलेरियाच्या प्रदेशातच हे का, याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दिले : ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्याला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून हा बदल पिढ्यान्पिढ्या टिकला. तो कोणत्याही समाजाचा दोष नाही, मलेरियाशी झालेल्या जुन्या लढाईची ती खूण आहे.

विदर्भात हा आजार केवळ आदिवासींचा नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आहे. 'आदिवासींचा आजार' हे लेबल लागले की नागपूर-चंद्रपुरातील अशी कुटुंबे तपासणीपासून दूर राहण्याचा धोका असतो. डीएनएतील अक्षर जातीचा दाखला पाहून बदलत नाही.

तपासणी नेमकी कशाची?

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही उद्दिष्टे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींच्या आसपास तपासण्या झाल्या, दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले. काम मोठे झाले यात शंका नाही. पण सहा कोटी या आकड्याचा अर्थ तपासणी कोणती केली यावर ठरतो.

गावपातळीवर जुनी आणि स्वस्त चाचणी विद्राव्यतेची. रक्ताच्या थेंबात रसायन घातल्यावर सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होते. ही प्रथिनाच्या गुणधर्माची परीक्षा आहे. ती सिकल हिमोग्लोबिन 'आहे' एवढेच सांगते. माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. अलीकडे गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या झटपट चाचण्या आल्या आहेत. त्या हा फरक बऱ्याच अंशी दाखवतात, पण पक्क्या निदानाची गरज त्यांनी संपत नाही.

नवजात बाळाचा प्रश्न आणखी वेगळा. गर्भात बाळाकडे 'गर्भ हिमोग्लोबिन' असते. त्यात बीटाऐवजी गॅमा माळा असतात आणि गॅमा माळेत ती चूक नसते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा थांबून बीटा सुरू होते. म्हणून सिकलसेलचे बाळ जन्मतः ठणठणीत दिसते आणि विद्राव्यता चाचणी त्याच्यात सहज चुकते. नवजात बाळांसाठी एचपीएलसी किंवा डीएनए तपासणी हवी. डीएनएतील मजकूर मात्र कोणत्याही वयात तोच असतो, म्हणून जन्मापूर्वीही, वारेच्या पेशींवरून, तो वाचता येतो.

हा फरक जिवाचा आहे. निदान जन्मतः झाले, तर बाळाला पेनिसिलिन सुरू करता येते. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिनने न्यूमोकोकस जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. निदान तिसऱ्या वर्षी झाले, तर सर्वांत धोक्याचा काळ उलटून गेलेला असतो. एकूण तपासण्यांच्या आकड्याबरोबर किती नवजात बाळे तपासली, किती जणांचे निदान पक्के झाले आणि किती रुग्णांना औषध सुरू झाले, हे तीन आकडे जिल्हानिहाय जाहीर व्हायला हवेत.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. वाहकाची एक प्रत शुद्ध असते. त्याच्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते आणि ते दोर बनण्यात अडथळा आणते. वाहक सर्वसाधारण आयुष्य जगतो. त्याला औषध लागत नाही. त्याला नोकरी, शिक्षण किंवा खेळ नाकारण्याचे कारण नाही.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. दर वेळी फासे नव्याने पडतात.

लग्नापूर्वी कार्ड जुळवण्याचा सल्ला याच गणितावर आधारलेला आहे. मात्र त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला वैज्ञानिक : जोडीदाराची विद्राव्यता चाचणी निर्दोष आली, तरी तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल रुग्ण होते. म्हणून दोघांची एचपीएलसी व्हावी. दुसरा सामाजिक : वाहक असल्याचे कळताच मुलीचे लग्न मोडते, मुलाचे सहसा मोडत नाही. मूल आजारी निघाल्यावर बोल आईला लावला जातो, जरी एसएस होण्यासाठी चुकलेले अक्षर दोघांकडून यावे लागते. समुपदेशन न देता नुसते कार्ड वाटणे म्हणजे लोकांच्या हातात माहिती नव्हे, कलंक देणे.

उपचाराच्या पायऱ्या

सर्वांत वरची पायरी अक्षराशी जाऊन भिडण्याची. क्रिस्पर या जनुकीय कात्रीसाठी एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले. तिच्यावर आधारित 'कॅसजेव्ही' या सिकलसेल उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. चाचणीत पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना किमान वर्षभर तीव्र कळा आल्या नाहीत. परिणाम नेत्रदीपक आहे. गंमत अशी, की हा उपचार चुकीचे अक्षर दुरुस्त करतच नाही. गर्भ हिमोग्लोबिन बंद करणारा एक स्विच तो निकामी करतो आणि जन्मानंतर थांबलेल्या गॅमा माळा पुन्हा तयार होऊ लागतात.

पण तांबड्या पेशीला केंद्रकच नसते. त्यामुळे बदल करावा लागतो अस्थिमज्जेतील मूळ पेशींत. त्या शरीराबाहेर काढायच्या, संपादित करायच्या, तीव्र केमोथेरपीने उरलेली मज्जा रिकामी करायची आणि मग पेशी परत सोडायच्या. रुग्णालयात अनेक आठवडे आणि अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. देशी उपचार ही किंमत खूप खाली आणू शकेल. तरीही मज्जा प्रत्यारोपणाची सोय असलेली रुग्णालये लागतीलच.

आता खालच्या पायरीकडे पाहू. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, पेटंटमुक्त, देशात तयार होणारे औषध. डीएनएचे सुटे भाग बनवणाऱ्या एका विकराला ते आवर घालते. त्यामुळे मज्जेतील पेशीनिर्मितीची घडी बदलते आणि गर्भ हिमोग्लोबिन वाढते. जे कोट्यवधींचा उपचार साधतो, त्याच दिशेने हे औषध काही अंतर चालते. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत प्रौढांमधील कळांचे प्रमाण त्याने जवळपास निम्म्यावर आणले. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या आफ्रिकी देशांतील मुलांवरील अभ्यासात वेदना, रक्त चढवण्याची गरज आणि मृत्यू, तिन्ही घटल्याचे दिसले. अत्याधुनिक रुग्णालयांच्या देशांत हे घडलेले नाही, म्हणून आपल्यासाठी तो दाखला मोलाचा.

औषध बिनधोक नाही. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. गरोदरपण ठरवताना डॉक्टरांशी बोलून ते थांबवावे लागते. गोळी सलग घ्यावी लागते आणि परिणाम दिसायला महिने लागतात. म्हणजेच गोळीचा अखंड पुरवठा, तालुका पातळीवर रक्त तपासणी आणि रुग्णाच्या मागे लागणारी आशाताई, या तीन गोष्टी नसतील तर उत्तम औषधही कपाटात राहते.

त्याखालच्या पायऱ्या आणखी साध्या. नवी रक्तपेशी घडवायला नवा डीएनए लागतो आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड. भरपूर पाणी, वेळेवर लस, ताप आल्यास लगेच दवाखाना, कळ आल्यावर पुरेसे वेदनाशामक. 'रक्त कमी' म्हणून सरसकट लोहाच्या गोळ्या देणे मात्र टाळावे. इथे रक्त कमी होते ते पेशी फुटल्याने. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते, म्हणून कमतरता तपासूनच लोह द्यावे.

निर्मूलन म्हणजे काय?

देवी रोगाचे निर्मूलन होऊ शकले कारण त्याच्या विषाणूला निसर्गात माणसाबाहेर थारा नव्हता. सिकलसेलचे अक्षर लाखो निरोगी वाहकांच्या डीएनएत आहे आणि ते तिथेच राहणार. २०४७ चे उद्दिष्ट वास्तवात आणायचे तर त्याचा अर्थ असा लावावा लागेल : एकही जोडपे अजाणतेपणी जोखीम घेणार नाही आणि जन्मलेले एकही रुग्ण-बाळ निदानावाचून, औषधावाचून राहणार नाही. पहिला भाग साधेपर्यंत दुसरा टाळता येणार नाही. अभियानाचे यश केवळ नव्या रुग्णांच्या घटत्या संख्येवर मोजले, तर आज हयात असलेले दोन लाखांहून अधिक रुग्ण हिशेबातून गळतील.

या रुग्णांना कायद्याने काही हक्क आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. चंद्रपुरात आयसीएमआरचे हिमोग्लोबिन विकारांसाठीचे केंद्र आहे. ज्ञान आणि संस्था जवळ आहेत, अंतर आहे ते शेवटच्या काही किलोमीटरचे.

ज्यांच्या घरात किंवा गावात हा आजार आहे, त्यांनी पुढच्या तपासणी शिबिरात चार प्रश्न विचारावेत. केलेली चाचणी फक्त प्राथमिक आहे की पक्की? निकाल एएस आहे की एसएस? एसएस असेल तर हायड्रॉक्सीयुरिया कुठे आणि किती नियमित मिळेल? आणि घरात नवे बाळ येणार असेल, तर त्याची तपासणी जन्मल्यावर कुठे होईल? 'बिरसा १०१' यशस्वी व्हावा अशी सर्वांचीच इच्छा आहे. पण तो येईल तेव्हा त्याचा लाभ घ्यायला आजची मुले जगलेली असायला हवीत, आणि त्यासाठी लागणारी गोळी जिल्ह्याच्या औषध भांडारापासून पाड्यापर्यंत पोचायला हवी.